मदत हवी आहे : लंडनमध्ये होस्टेलमधल्या मुलाचं कॉलेज आणि हाउसिंग बेनिफिट

इथे यूकेत बेनिफिटचे नियम माहीत असलेलं कोणी आहे का? मी लंडनमध्ये शनिवारी बेघर मुलांना गणित शिकवते, त्यातल्या एकासाठी विचारतेय. वय २०, ब्रिटिश नागरिक, १७ व्या वर्षी घर सुटलं, आईवडिलांशी संपर्क नाही, पण केअरमध्ये (सरकारी देखरेखीखाली) कधी नव्हता. सपोर्टेड होस्टेलमध्ये (जिथे राहण्यासोबत मदतनीसही असतात) राहतो, भाडं आठवड्याला २८० पौंड, ते कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) हाउसिंग बेनिफिटमधून, म्हणजे भाड्यासाठीच्या सरकारी मदतीतून, जातं आणि खर्चाला युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारा सरकारी भत्ता).

आता त्याला सप्टेंबरपासून इलेक्ट्रिकलचा लेव्हल ३ (साधारण बारावीच्या पातळीचा) फुलटाइम कोर्स मिळतोय, २ वर्षांचा. पालकांचा आधार नसेल आणि २१ च्या आत असाल, किंवा कोर्स चालू असताना २१ पूर्ण झाले, तर नॉन-अॅडव्हान्स्ड (डिग्रीच्या खालच्या पातळीचं) शिक्षण घेतानाही क्लेम चालतो हे मी नियमात वाचलंय. पण तो नोव्हेंबरमध्ये २१ चा होईल आणि दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये २२ चा, तेव्हा ही सूट राहते का, खरी अडचण तिथे आहे.

जॉब सेंटर (युनिव्हर्सल क्रेडिट बघणारं सरकारी ऑफिस) म्हणतं कौन्सिलला विचारा, कौन्सिल म्हणतं जॉब सेंटरला. त्याची मदतनीस म्हणून नेमलेल्या ‘की-वर्कर’लाही नक्की सांगता येईना. पार्टटाइम बॅच कॉलेजकडे नाही, अप्रेंटिसशिपचे ६ अर्ज नाकारले गेले. भाडं थकलं तर खोली जाईल या भीतीने पोरगा अॅडमिशनच सोडायला निघालाय आणि मला ते बघवत नाही हो.

२२ पूर्ण झाल्यावर शेवटचे ७-८ महिने हाउसिंग बेनिफिट आणि युनिव्हर्सल क्रेडिट दोन्ही चालू राहतात का, की फक्त एक, आणि हे आधीच लेखी कोणाकडून घ्यायचं?