अंगणात पक्की शेकोटी आणि बसायला कट्टा : सल्ला हवा आहे

घरामागे मोकळी जागा आहे. पाच-सहा जण भोवती बसतील अशी शेकोटी करायची आहे. साधी, स्वतः बांधता येईल अशी आणि ऊन-पावसात टिकणारी. तळाला कोबा करू की माती तशीच ठेवू? बसायला लाकडी बाकं बरी की दगडी कट्टा?

प्रतिसाद १
कोबा नकोच. पाणी साचेल आणि आचेने त्याचे पापुद्रे निघतील ते वेगळंच. २५-३० सेंमी खणा, माती ठोकून घ्या आणि खडी भरा. पाणी खाली मुरून जातं. जमीन चिकणमातीची असेल तर खड्डा आणखी खोल घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात त्याचं डबकं होतं. आतला व्यास ९० सेंमी पुरे. त्याहून मोठा केलात तर सरपण नुसतं खात बसेल. भिंत जमिनीपासून ३०-३५ सेंमी, आणि तळच्या थरात तीन-चार ठिकाणी विटांमध्ये फट सोडा. हवा खालून आली की धूर कमी होतो.

प्रतिसाद २
आतल्या बाजूला भट्टीच्या अस्तराला वापरतात त्या, आच सोसणाऱ्या विटा लावा, बाहेरून काहीही चालेल. नदीतले गोटे दिसायला छान, पण आचेजवळ नकोत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि गोटा फटकन फुटतो, कपच्या अंगावर उडतात. सांध्यांत साधं सिमेंटही भरू नका, फायर क्ले (आच सोसणारी माती) वापरा. मी तर म्हणेन, आतल्या विटा कोरड्याच रचा. एखादी तडकली तर तेवढीच बदलता येते.

धागाकर्ता
धन्यवाद! गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं जुनं पिंप पडलंय. ते कापून आत अस्तर म्हणून बसवू का?

प्रतिसाद २
नको. जस्ताचा थर तापला की निघणारा धूर छातीत जाणं वाईट. साध्या लोखंडाचं जाड कडं मिळालं तर बघा. तसंच रंगवलेलं किंवा वाळवीचं औषध मारलेलं लाकूडही जाळू नका.

प्रतिसाद ३
बसण्याबद्दल कोणीच बोललं नाही, आणि लोक चुकतात ते तिथेच. शेकोटीच्या बाहेरच्या कडेपासून कट्टा निदान एक मीटर लांब हवा. जवळ असला की गुडघे भाजतात आणि पाठ गारच राहते. उंची ४०-४५ सेंमी, वरच्या फरशीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार. पूर्ण गोल बांधू नका. वारा ज्या दिशेला वाहून जातो ती बाजू मोकळी सोडा, धूर तिकडून निघून जाईल. दोन-तीन हलक्या खुर्च्या असू द्या, वारा फिरला की उचलता येतात. सगळं मिळून साडेचार मीटर व्यासाचा गोल लागेल. घराची भिंत, कुंपण आणि झाडाच्या फांद्या तीन मीटर तरी लांब हव्यात.

प्रतिसाद १
झाकण राहिलंच. पावसाळ्यात जाड पत्र्याचं, मधे थोडं उंच झाकण ठेवा. राख ओली होऊन बसली की चिखल होतो आणि तळाची खडी बुजते. राख वेळच्या वेळी काढा, पण वरून गार दिसली तरी आत निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत असू शकतो, म्हणून प्लास्टिकच्या बादलीत भरू नका.