पुणे ते बंगळुरू घर हलवायचंय, खर्चाचा अंदाज द्या प्लीज (थोडं लांबलंय)

नमस्कार लोकहो. नवऱ्याची बदली बंगळुरूला झालीये, तो तिकडे हजर पण झाला, सध्या कंपनीच्या गेस्टहाउसवर आहे आणि आम्ही बाकीचे, म्हणजे मी, सासूबाई आणि तिसरीतली लेक, इकडे चिंचवडला भाड्याच्या टू बीएचकेत. मे संपायच्या आत पोचायचंय कारण तिकडच्या बऱ्याच शाळा जूनच्या सुरुवातीलाच उघडतात, आपल्यासारखं अर्ध्या जूनपर्यंत लोळायला मिळत नाही. ऑफिस व्हाइटफिल्डला आहे म्हणून घर त्याच बाजूला बघतोय.

पैशांचं असं आहे की कंपनी शिफ्टिंगचे ७५ हजारांपर्यंत देणार, पण बिलं दाखवून, जेवढं बिल तेवढेच. शिवाय आम्ही घरचे ३ लाख बाजूला काढलेत, त्याच्यावर गेलं तर एफडी मोडावी लागेल आणि ती मोडायची नाहीये. मूव्हर्सवाल्यांचे कोटेशन घेतले तर एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. एकजण आख्खा ट्रक ५२ हजार म्हणतो जीएसटी धरून, दुसरा पार्ट लोड म्हणजे अजून कोणाच्या सामानाबरोबर ३१ हजार, आणि तिसऱ्याने घर न बघताच फोनवर सांगितलं मॅडम १९ मध्ये करून देतो फक्त ५ हजार आत्ता गूगल पे करा. नवरा म्हणतो पार्ट लोड घे, २१ हजार वाचतात. मला काही ते पटत नाहीये पण का पटत नाही ते सांगता येत नाहीये.

बाकी सामानात डबल बेड दोन (एक सागवानी, सासऱ्यांनी करून घेतलेला, दुसरा ऑनलाइन घेतलेला), लाकडी कपाटं दोन, एक गोदरेजचं लोखंडी, फ्रीज, फ्रंट लोड मशीन, सोफा, अभ्यासाचं टेबल, स्कूटर, आणि सासूबाईंची घरघंटी जी चाळीसेक किलोची आहे आणि जिच्याबद्दल चर्चा करायची नाही असं मला सांगण्यात आलंय. गाडी २०१९ ची पेट्रोल, लोन फिटलंय पण आरसीवर बँकेचं नाव अजून तसंच आहे.

तर काय न्यायचं काय विकायचं, गाडीचं काय करायचं (तिकडे म्हणे परत टॅक्स भरावा लागतो?), डिपॉझिट खरंच दहा महिन्यांचं मागतात का, आणि ३ लाखांत हे बसतं का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

वाटसरू
ताई, आधी १९ हजारवाल्याचा नंबर ब्लॉक करा. हे लोक सामान ट्रकमध्ये चढलं की "सामान जास्त निघालं" म्हणून दुप्पट मागतात आणि तोपर्यंत तुमचा संसार त्यांच्या ताब्यात असतो. आमच्या शेजाऱ्यांचं सामान असंच चार दिवस गोडाऊनला अडकवून ठेवलं होतं. घरी येऊन एकेक वस्तू लिहून घेईल त्यालाच द्यायचं, आणि कोटेशनमध्ये पॅकिंग, चढवणं उतरवणं, मजला, बेड खोलणं जोडणं, जीएसटी सगळं लेखी. पैसे थोडे बुकिंगला, मोठा भाग लोडिंग झाल्यावर बिल्टी (ट्रकवाल्याने दिलेली मालाची पावती) हातात घेऊन, आणि काहीतरी रक्कम तिकडे सामान उतरल्यावरच.

पार्ट लोडचं म्हणाल तर तुमचं मन बरोबर सांगतंय. त्यात सामान मध्ये गोडाऊनला उतरतं, दुसऱ्या गाडीत चढतं, म्हणजे हाताळणी दुप्पट आणि तारीख देवाच्या हातात. आख्खी गाडी असली की चिंचवडला भरली ती सरळ व्हाइटफिल्डला उघडली, सामान दोन-तीन दिवसांत दारात. फक्त तिकडे मोठ्या गाड्यांना दिवसा शहरात यायला वेळेची बंधनं आहेत, आणि सोसायट्यांचे लिफ्टचे नियम वेगळेच, ते आधी विचारून ठेवा नाहीतर ट्रक गेटवर आणि वॉचमन रजिस्टर घेऊन उभा.

केए_झिरोथ्री
तुमच्या हिशोबात एक गोष्ट कोणी बोलत नाहीये. ७५ हजार कंपनी देणार, वाचले तर तुम्हाला मिळणार नाहीत, मग पार्ट लोड घेऊन २१ हजार वाचवले ते कोणाचे वाचले? कंपनीचे! आख्खा ट्रक घ्या, चांगला विमा घ्या, स्कूटर त्यातच टाका, आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या. साध्या कागदावरची पावती अकाउंट्सवाले परत पाठवतात.

तुमचा खरा खर्च घराचा आहे. दहा महिने डिपॉझिट ही जुनी रीत, अजून काही मालक मागतात पण आता पाच-सहा महिन्यांवर येतात, मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये त्याहून खाली पण आणता येतं. घासाघीस करायची असेल तर इथे करा, ट्रकवाल्याशी नको. समजा भाडं ३६ हजार, तर पाच महिन्यांचे १ लाख ८० हजार, पहिलं भाडं ३६, ब्रोकर एक भाडं म्हणजे अजून ३६, झाले २ लाख ५२ हजार आणि अजून पडदा पण लावला नाही. आणि करार नीट वाचा, घर सोडताना पेंटिंगचं म्हणून एक महिन्याचं भाडं कापून घ्यायची पद्धत आहे इथे, ते कलम असतंच. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा ते विचारा. पाणी कावेरीचं की बोअरचं की टँकरचं ते तर पहिलं विचारा, २०२४ च्या उन्हाळ्यात व्हाइटफिल्डच्या बाजूला काय हाल झाले ते आम्ही भोगलंय.

झुणकाभाकर
सामानाबद्दल. बंगळुरूत सेमी फर्निश्ड म्हणजे भिंतीतली कपाटं, किचन ट्रॉल्या, पंखे, लाइट, गीझर बहुतेक असतंच. तुमची लाकडी कपाटं तिकडे नुसती जागा अडवतील, विकून टाका. गोदरेज न्या, ते काही मरत नाही. सागवानी बेड न्या. ऑनलाइन घेतलेला बेड बहुतेक भुशाच्या बोर्डाचा असणार, तो एकदा खोलला की स्क्रूची भोकं सैल होतात, परत जोडला की रात्री कुशीवर वळलं तरी कुरकुरतो. तो इथेच द्या, मिळतील ते घ्या.

झाडं नेऊ नका, ट्रकच्या अंधारात या उन्हात कोळपतात, तुळस हवी तर गाडीत पायाशी. लोणच्याच्या बरण्या, तेल, सिलेंडर ट्रकवाले घेत नाहीत. सिलेंडर आणि रेग्युलेटर तुमच्या एजन्सीत परत करा, डिपॉझिट मिळतं आणि टर्मिनेशन व्हाउचर देतात, तेच तिकडे दाखवून नवीन कनेक्शन. सोसायटीत पाइप गॅस असला तर तेवढीही भानगड नाही.

घरघंटीवर मी पण बोलणार नाही. एवढंच सांगते, ज्वारी तिकडे चिक्कार मिळते, उत्तर कर्नाटकची माणसं जोळद रोट्टी रोज खातात आणि दळून देणाऱ्या गिरण्याही आहेत :)

मूळ धागाकर्ती
सगळ्यांचे खूप खूप आभार!! केए_झिरोथ्री, तुमचं वाचून नवऱ्याला फॉरवर्ड केलं, तिकडून नुसता अंगठा आला. म्हणजे आख्खा ट्रक ठरला.

घरघंटी येतेय. सासूबाई म्हणाल्या गिरणीत आधी कोणाचं काय दळलंय कोणाला माहीत. विषय संपला.

विम्याचं मात्र कळलं नाही. ट्रकवाला म्हणतो मालाच्या किमतीच्या २ टक्के, मी किंमत काय सांगू? नव्याची सांगू की आजची? आणि गाडीबद्दल कोणीच बोललं नाही अजून.

निवांत_नाना
विमा. आजची किंमत सांगायची, पण वस्तूगणिक यादी करून. नुसतं "घरसामान ३ लाख" लिहिलं तर टीव्ही फुटल्यावर टीव्हीचे किती यावर वाद होतो. ३ लाखांवर २ टक्के म्हणजे ६ हजार. विमा कंपनीची खरी पॉलिसी आहे की ट्रकवाल्याचा स्वतःचा तोंडी विमा आहे ते बघा, पॉलिसीचा कागद लोडिंगच्या आधी मागा. प्रत्येक खोलीचा आणि टीव्ही-फ्रीजचा चालू स्थितीत व्हिडिओ काढा, खोक्यांवर नंबर टाका. दागिने, सर्टिफिकेटं, शाळेचे कागद ट्रकमध्ये बिलकुल नाहीत.

आता गाडी. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल तर तिकडचा नंबर घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्यात कलम ४७ आहे. त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी लागते (फॉर्म २८), आणि आरसीवर बँकेचं नाव असेल तर ती अडकते. म्हणून उद्याच्या उद्या बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन ते नाव उडवा, हे काम पुण्यात बसून सोपं आहे, बंगळुरूत बसून वैताग आहे. कर्नाटकात लाइफ टॅक्स (एकदाच भरायचा रोड टॅक्स) तगडा, नव्या गाडीला किमतीप्रमाणे १३ ते १८ टक्के आणि वर सेस, जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होत जातो. तिकडे टॅक्स भरला की महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्समधला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो, फक्त अर्ज इकडच्या आरटीओत आणि चिकाटी आपली.

मिस्टरांच्या कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असतील तर बीएच सिरीजचं (सगळ्या राज्यांत चालणारा गाडीचा नंबर) पण बघा, जुन्या नोंदलेल्या गाड्याही आता त्यात घेतात, कंपनीकडून फॉर्म ६० लागतो. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा. परत बदली व्हायची शक्यता असेल तर हे सोयीचं, निघायच्या आधी इथेच चौकशी करा.

नेताना चालवतच न्या, साधारण ८४० किलोमीटर, पेट्रोल सहा हजारांच्या आसपास. सासूबाई आहेत म्हणून हुबळीला मुक्काम करा. सातारा ते कागल सहापदरीचं काम आणि डायव्हर्जन आहेत, पहाटे निघालात तर बरं. नाहीतर सासूबाई आणि लेकीला उद्यान एक्स्प्रेसने पाठवा, पुण्यावरून थेट आहे.

झुणकाभाकर
शाळेचं राहिलं. दाखला काढाल तेव्हा राज्याबाहेर जातोय म्हणून सांगा, शिक्षणाधिकाऱ्यांची सही-शिक्का त्यावर घेऊन ठेवा, सगळ्या शाळा मागत नाहीत पण मागितला तर मे महिन्यात धावपळ होते. आणि कर्नाटकात कन्नड शिकणं २०१५ च्या कायद्याने सक्तीचं आहे, सीबीएसई शाळेतही. घाबरू नका, पोरं पटकन शिकतात, आपल्यालाच भाजीवाल्याकडे "एष्टु" (केवढ्याला) म्हणायला महिना लागतो.

मूळ धागाकर्ती
बसून हिशोब मांडला. ट्रक ५२, विमा ६, स्कूटरचे वरचे ४, गाडीने जायचं पेट्रोल आणि हुबळीचा मुक्काम धरून १०, म्हणजे ७२ हजार, कंपनीच्या ७५ मध्ये बसलं. तिकडच्या घराचे २ लाख ५२, इथलं आणि तिथलं भाडं पंधरा दिवस एकदम पडेल त्याचे ९, पडदे, प्लंबर, वॉटर फिल्टर, सुतार असे २५ धरले तर २ लाख ८६. म्हणजे ३ लाखांत १४ हजार शिल्लक, पण शाळेची फी आणि गाडीचा टॅक्स यात नाहीच! इथल्या मालकाकडे आमचे ६० हजार डिपॉझिट आहे, ते मिळेल पण किल्ली दिल्यावर, तोपर्यंत तिकडचं सगळं भरून झालेलं असणार. गाडीला वर्षभर वेळ आहे तर तो टॅक्स पुढच्या बोनसवर ढकलतोय, आणि ते ६० फीला. डिपॉझिट चार महिन्यांवर आणता येतं का यासाठी नवऱ्याला कामाला लावलंय, त्याला "नाही" ऐकायची सवय आहे.

एक शेवटचं, फ्रंट लोड मशीनचे ते मागचे बोल्ट म्हणतात ते काय असतात? ट्रकवाला विचारत होता आणि मी हो हो म्हटलं.

निवांत_नाना
ट्रान्झिट बोल्ट. नवीन मशीन आलं तेव्हा मागून तीन-चार लांब बोल्ट काढून दिले असतील, ते ड्रम घट्ट धरून ठेवतात. ते न लावता नेलं तर ड्रम आत आपटत जातो आणि पोचल्यावर मशीन स्वयंपाकघरभर फिरतं. घरात शोधा, बहुतेक वॉरंटी कार्डाच्या पिशवीत असतील, नसले तर मशीनच्या सर्व्हिस सेंटरकडून आत्ताच मागवून ठेवा. आणि फ्रीज आदल्या दिवशी बंद करून दार किंचित उघडं ठेवा, मागचा पाण्याचा ट्रे रिकामा करा, तिकडे उतरल्यावर लगेच चालू करू नका, चार-पाच तास उभा राहू दे.