लोकल फेस्टिव्हलची शेवटची रात्र सीनियर रॅपरला दिलीय, आता कमिटीला कसं पटवायचं आणि सेट कसा लावायचा?

भांडुप_वेस्ट

मंडळी मदत हवीय. आमच्याकडे भांडुपला दरवर्षी थंडीत तीन रात्री म्युझिक फेस्टिव्हल असतो, मोकळं मैदान, तिकीट नाही, वर्गणी आणि आजूबाजूच्या दुकानांच्या जाहिराती यावर चालतो. शेवटच्या रात्री ऑर्केस्ट्रा नाहीतर लोकगीतं हे ठरलेलं. यंदा आम्ही पोरापोरींनी भांडून भांडून ती रात्र एका रॅपरसाठी मिळवलीय, आणि तोही आत्ताचा व्हायरलवाला नाही, चाळिशी ओलांडलेला, आपल्याच पट्ट्यातला, ऑर्कुटवर टेक्स्ट बॅटल म्हणजे लिहून रॅपची जुगलबंदी चालायची तेव्हापासून लिहितोय, हिंदी मराठी दोन्हीत. पोस्टर अजून लागलं नाहीये म्हणून नाव टाकत नाही.

आता कमिटीत दोन काका अडून बसलेत. एक म्हणतात याचे व्ह्यूज किती ते दाखव, दुसरे म्हणतात हे नुसतं बोलणं आहे, गाणं कुठाय. दोघांचं मिळून असं ठरत चाललंय की त्याला साडेसातला अर्धा तास द्यायचा आणि शेवट डीजे लावून नाचगाण्याने करायचा. मला हे अजिबात पटत नाही. एवढी वर्षं जो माणूस स्वतःच्या खिशातून बीट म्हणजे रॅपमागचं संगीत विकत घेऊन लिहीत राहिला त्याला आपल्याच एरियात शेवटचा स्लॉट आणि पूर्ण तास मिळालाच पाहिजे. तर टायमिंग, साऊंड, त्याच्या आधी कोण हवं आणि काकांशी काय बोलायचं, जे माहीत असेल ते सांगा.

साऊंडवाला_कांजूर

मागून पुढे मोजा. मैदान उघडं आहे म्हणजे रात्री दहाला साऊंड बंद, २००० सालचे नॉइज पोल्युशनचे नियम आहेत, १० ते ६ उघड्यावर लाउडस्पीकर नाही. बारापर्यंत सूट देता येते पण वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस आणि ते बहुतेक गणपती नवरात्रात जातात. त्यामुळे पावणेनऊला तो स्टेजवर, पावणेदहाला शेवटचं गाणं, वरची पंधरा मिनिटं हातात ठेवा कारण आधीचे सत्कार लांबतातच. सत्कार शक्यतो सात वाजताच उरका. आणि मैदानापासून १०० मीटरच्या आत हॉस्पिटल, शाळा किंवा कोर्ट असेल तर सायलेन्स झोन लागतो, पोलीस परमिशनचा अर्ज करायच्या आधी ते बघून घ्या.

आता साऊंड. रॅपमध्ये शब्द कळले नाहीत तर उरलं काय? ऑर्केस्ट्राचा माणूस सवयीने व्होकलवर एको टाकतो, जुन्या सिनेमाच्या गाण्यांना ते शोभतं पण रॅपमध्ये एका ओळीचा एको पुढच्या ओळीवर चढतो आणि सगळं गढूळ होतं. व्होकल एकदम कोरडा ठेवायला सांगा आणि त्यातला खालचा बास कापायला सांगा. सब म्हणजे बासचे मोठे स्पीकर दोन्ही टोकांना ठेवण्यापेक्षा स्टेजसमोर मध्ये एकत्र ठेवले तर मैदानभर बास जास्त सारखा मिळतो. मॉनिटर, म्हणजे स्टेजवर त्याच्याकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर, चांगले हवेत, त्याला स्वतःचा आवाज आला नाही की तो ओरडणार आणि तीन गाण्यांत घसा बसणार. दुसरं म्हणजे बरेच जण माइकची जाळी मुठीत धरतात, त्याने फीडबॅकची शिट्टीही येते आणि शब्दही दबतात, जुन्या लोकांना हे माहीत असतं पण ओपनिंगच्या पोरांना आधीच सांगून ठेवा. ट्रॅक व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका, वेव्ह फाइल दोन पेनड्राइव्हवर, आणि इन्स्ट्रुमेंटल म्हणजे आवाज नसलेला ट्रॅक, फार तर हुकपुरता, म्हणजे धृपदापुरता, मागे रेकॉर्डेड आवाज. साऊंड चेक दुपारी चारला, त्याच्यासोबत, त्याच्या डीजेसोबत. हेडलायनर म्हणजे रात्रीचा मुख्य कलाकार म्हणवायचं आणि साऊंड चेक द्यायचा नाही हा अपमान आहे, स्पष्ट सांगतो.

कुर्ला_सायफर

व्ह्यूजवाल्या काकांना रॅप ज्यातून आलं त्या हिपहॉपच्या सुरुवातीपासून सांग. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कमधलं ब्रॉन्क्स, १५२० सेजविक अव्हेन्यू या बिल्डिंगचा कॉमन हॉल. कूल हर्कच्या बहिणीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते म्हणून तिने पार्टी ठेवली, मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट, आणि भाऊ डीजे. त्याने एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड दोन टर्नटेबलवर लावून मधला ड्रमचा तुकडा लांबवत नेला, लोक त्याच तुकड्यावर जास्त नाचतात हे त्याने हेरलं होतं. म्हणजे हिपहॉपचा जन्मच मुळात बिल्डिंगवाल्यांनी ठेवलेल्या कार्यक्रमातला आहे, तुमच्या मैदानावर ते उपरं कसं होईल?

या गोष्टीला पन्नास वर्षं उलटून गेली मग या कलेत वयाने मोठी माणसं असणारच ना. अमेरिकन रॅपर नासचा पहिला अल्बम १९९४ चा आणि पहिला ग्रॅमी २०२१ ला, वय ४७. २०२२ च्या सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलला, मध्यंतरात रॅपर डॉक्टर ड्रेचा शो झाला तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता आणि मॅच लॉस एंजेलिसच्या परिसरातच, म्हणजे स्वतःच्याच पट्ट्यात.

आपल्याकडे लोकांना वाटतं २०१९ ला गली बॉय सिनेमा आला आणि सगळं सुरू झालं. रॅपर नेझीने कुर्ल्यात बसून आयपॅडवर रेकॉर्ड करून आयपॅडवरच व्हिडिओ शूट केला ते २०१४, अंधेरीचा रॅपर डिवाइन आणि तो एकत्र आले ते २०१५, आणि त्याच्याही आधी लिहिणारे होते ज्यांना कोणी स्टेज देत नव्हतं, तुमचा माणूस त्यातला. मराठीचं म्हणाल तर मुंबईच्या स्वदेसी या रॅप ग्रुपचा एमसी मवाली मराठीत रॅप करतो, आरेच्या जंगलावर त्यांनी तिथल्याच पाड्यातल्या प्रकाश भोईरांना सोबत घेऊन गाणं केलं. त्याच स्वदेसीतला टॉडफॉड गुजरातीतून लिहायचा, मार्च २०२२ मध्ये गेला, २४ वर्षांचा होता. म्हणून मला जो कोणी आपल्यात आहे, अजून लिहितोय, त्याच्याबद्दल फार वाटतं, त्याला साडेसातचा अर्धा तास देऊन गुंडाळू नका राव.

ओपनिंगला व्हायरल नावं शोधत बसू नका, त्याच दिवशी दुपारी मैदानाच्या कोपऱ्यात सायफर लावा, पोरं गोल करून उभी राहतील, एक बीट, ज्याला यायचं तो येईल. त्यातले तिघेचौघे निवडायचं काम तुमच्या रॅपरलाच द्या, संध्याकाळी तेच त्याच्या आधी.

लालबाग_जुना

दुसऱ्या काकांसाठी लिहितो. नुसतं बोलणं आहे म्हणतात त्यांना शाहिरीची आठवण जरूर करून द्या पण जपून. आमचे वडील गिरणीत होते, अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लालबावटा कलापथक १९४४ चं, पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा यांच्याच कार्यक्रमांवर भरायच्या. अण्णाभाऊंच्या 'माझी मैना' या छक्कडीत चाल गोड आहेच पण वडिलांना पाठ होता तो त्यातला मुंबईचा वर्णनाचा भाग, श्रीमंत कुठे राहतात, गरीब कुठे राहतात, बेळगाव कारवारचं दुःख. शब्दासाठी गर्दी जमणं या शहराला नवं नाही एवढं काकांना नक्की सांगा. फक्त बॅनरवर त्याला शाहीर वगैरे करू नका. पोवाड्याला डफ आहे, तुणतुणं आहे, मागे झीलकरी सूर धरतात, त्याची वेगळी तालीम असते. रॅपवाला डीजेच्या तुकड्यावर श्वास मोजून यमकं बसवतो, ती त्याची तालीम. दोघांना आपापल्या नावाने मान द्या.

एक करता येईल, चार गाण्यांचे शब्द मोठ्या टाइपात छापून खुर्च्यांवर ठेवा. आमच्या वयाच्या माणसाला पहिल्यांदा ऐकताना वेग पकडता येत नाही, हातात शब्द असले की कळतं हा आपल्याच नाल्याबद्दल, आपल्याच लोकलबद्दल बोलतोय. आणि पुढच्या दोन रांगा ज्येष्ठांना द्या.

मुलुंडची_एमसी

सायफरची आयडिया भारी आहे पण उघड्या गोलात मुली पुढे येत नाहीत, धक्काबुक्कीत आवाजच पोचत नाही. दोन स्लॉट आधी नाव नोंदवून मुलींसाठी ठेवा आणि संध्याकाळच्या ओपनिंगमध्ये एक तरी हवी. स्टेजसमोर एका बाजूला बायकामुलांसाठी जागा आखा, व्हॉलंटियर मुलीही ठेवा. दहाला संपतंय हे पोस्टरवर मोठं लिहा, घरून परमिशन त्यावरच मिळते.

भांडुप_वेस्ट

सगळ्यांचे खूप आभार, रविवारी मीटिंग आहे त्यात पावणेनऊचा स्लॉट आणि ओपनिंगच्या पोरांची निवड त्याच्याकडे हे दोन मुद्दे मी मांडतेच. छापील शब्दांचं त्याला फोनवर विचारलं, तो एवढा खूश झाला की स्वतः टाइप करून पाठवतो म्हणाला. साऊंडवाले दादा, पुढच्या दोन रांगा ज्येष्ठांना दिल्या तर चालेल ना? आणि आमच्याकडे जनरेटर एकच आहे.

साऊंडवाला_कांजूर

पुढच्या दोन रांगा नकोत, तिथे सब छातीत बसतात. मिक्सरच्या आसपास खुर्च्या लावा, मैदानातला सगळ्यात स्वच्छ आवाज तिथेच असतो, आणि स्टेज दिसावं म्हणून खुर्च्यांखाली फूटभर प्लॅटफॉर्म घ्या. पुढे उभी राहणारी पोरं. जनरेटर एकच असेल तर साऊंडची लाइन लाइटिंगच्या लाइनपासून वेगळी काढून घ्या, एकाच लाइनवर लाइट कमीजास्त करणारे डिमर आले की स्पीकरमध्ये गुणगुण येते. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. डीजे दुसऱ्यांची गाणी वाजवणार असेल तर आयपीआरएस आणि पीपीएल या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचं लायसन्सही आधीच काढा. मीटिंगमध्ये काकांनी साऊंडबद्दल काही विचारलं तर इथेच लिही, मी रात्री बघतो.