शाळेच्या रस्त्याला कोणती झाडं? दम्याच्या पोरांचा प्रश्न आहे

पांदणरस्ता: ग्रामपंचायत पावसाळ्यात शाळा ते बसथांबा झाडं लावणार. यादीत सातवीण, गुलमोहर, कडुनिंब, करंज, कोनोकार्पस. काही पालक म्हणतात गुलमोहर काढा, पोरांना दमा होतो. नेमकं काय काढायचं?

रोपवाटिकावाला: गुलमोहर उगाच बदनाम. मोठं रंगीत फूल कीटकांसाठी असतं, त्याचा पराग जड न् चिकट, फार दूर उडत नाही. त्रास देतो तो वाऱ्यावरचा पराग, आणि ती फुलं कोणाला दिसतही नाहीत. वावळ बघा. माघ-फाल्गुनात निष्पर्ण फांद्यांवर हिरवट-तपकिरी झुपके येतात. हे फूल आहे हे कळेपर्यंत पापडासारखी चपटी फळं लटकलेली असतात. शाळेजवळ वावळ नको. कोनोकार्पस तर काढाच, गुजरातने 2023 मध्ये त्यावर बंदी घातली. सातवीण कीटकांचीच, पण दिवाळीच्या सुमारास तिच्या उग्र वासाने दमेकऱ्याला ठसका लागू शकतो, म्हणून वर्गाच्या खिडकीपासून लांब. कडुनिंब, करंज बिनधास्त लावा. गुलमोहर काढायचाच तर फांदी ठिसूळ म्हणून काढा, वादळात मोडते.

तरोटा: भाऊ, वर काय पाहता, खाली पाहा! खड्डे खोदून माती मोकळी झाली की पहिलं गाजरगवत येतं. एका झाडाला 15 ते 25 हजार बिया. पांढरं फूल यायच्या आधी, पाऊस पडून गेल्यावर, ओल्या मातीतून मुळासकट उपटा. विळ्याने कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं. फुलावर आल्यावर उपटलं तर पराग थेट नाकात. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला दुपट्टा. दमेकऱ्याला आणि अंगाला खाज सुटणाऱ्याला या कामाला लावूच नका. मोकळ्या कडेला पावसाआधी तरोट्याचं बी फेका, दाट झाला की गाजरगवताला दाबतो.

पांदणरस्ता: वावळ यादीत नाही, पण शाळेमागे एक जुना आहे. तोडायचा का?

रोपवाटिकावाला: घाई नको. आधी त्रासाच्या तारखा लिहून ठेवा. फाल्गुनात शिंका आल्या तर वावळावर संशय. पावसाळ्याच्या शेवटी आल्या तर गवत नाहीतर गाजरगवत. तूर काढतानाच खोकला लागला तर मळणीची धूळ. झाड तोडून तो जाणार नाही.

तरोटा: पक्कं करायचं तर त्वचेवरची टोचणी चाचणी, 15-20 मिनिटांत गांधी दिसते. सर्दीच्या गोळ्या काही दिवस आधी बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर गांधी उठतच नाही. किती दिवस, ते डॉक्टरला विचारा. दम्याचा पंप मात्र स्वतःहून बंद करू नका.