घरी केलेली व्हॅक्यूम स्पार्क गॅप: ठिणगी फटीत पडत नाही, नळीभर जांभळा उजेड पसरतो. मदत हवी आहे.

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याला राहतो. व्हॅक्यूम स्पार्क गॅप (हवा काढलेल्या नळीत दोन टोकांमधल्या फटीत ठिणगी पाडणारा उच्च व्होल्टेजचा स्विच) घरी बनवण्याच्या प्रयत्नात पंधरा दिवस एकाच ठिकाणी अडलो आहे. बोरोसिलिकेट काचेची नळी, दोन्ही टोकांना ओ-रिंग बसवलेल्या पितळी टोप्या आणि टोप्यांतून आत आलेल्या, टिग वेल्डिंगला वापरतात त्या २.४ मि.मी. जाडीच्या टंगस्टनच्या दोन कांड्या, अशी रचना आहे. कांड्यांच्या टोकांमध्ये ३ मि.मी. फट आहे, तर टोप्यांमध्ये १४ सें.मी. अंतर आहे. दोन टप्प्यांचा रोटरी पंप आणि मायक्रॉन गेज (अतिशय कमी दाब मोजणारा) एसी दुरुस्त करणाऱ्या एका परिचितांकडून आणला आहे.

गेज ४० मायक्रॉनवर स्थिरावतो. १० मेगाओहमच्या रेझिस्टरमधून व्होल्टेज वाढवत नेले, की ६००-७०० व्होल्टलाच एका टोपीच्या कडेपासून जांभळट उजेड निघतो आणि काचेलगत सरकत दुसऱ्या टोपीपर्यंत पोचतो. फट मात्र काळोखीच राहते.

पाशेनच्या १८८९ च्या नियमाप्रमाणे हवेचे ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्या व्होल्टेजला हवेतून वीज वाहू लागते ते) दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरते आणि हा गुणाकार सुमारे ०.५७ टॉर-सें.मी. (टॉर हे दाबाचे एकक) असताना ते सर्वांत कमी, म्हणजे ३३० व्होल्टच्या आसपास असते; गुणाकार त्याहून खाली गेला, की ते पुन्हा झपाट्याने वाढते. ४० मायक्रॉन म्हणजे ०.०४ टॉर, त्याला १४ ने गुणले तर ०.५६ येतात, आणि फटीसाठी जेमतेम ०.०१२. म्हणजे जवळची वाट विजेला अवघड आणि लांबची सोपी, असे मीच नकळत करून ठेवले आहे, असे मला वाटते.

दाब आणखी का उतरत नाही, हा दुसरा प्रश्न. व्हॉल्व्ह बंद केल्यावर पहिल्या पाच मिनिटांत गेज ३०० वर जातो, पण पुढच्या दहा मिनिटांत फक्त ३८० पर्यंत. गळती असती तर दाब सारख्या वेगाने चढला असता, म्हणून मला काचेला आणि ओ-रिंगांना धरून बसलेल्या ओलाव्याचा संशय आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात पंपाचे तेलही दोनदा ताकासारखे पांढरे झाले आणि बदलावे लागले. गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडून तेलात पाणी साचू न देणारी झडप) उघडा ठेवून तासभर पंप चालवल्यावर थोडा फरक पडला.

दाब पुरेसा उतरला, की इलेक्ट्रॉन धनाग्रावर आदळून क्ष-किरण निघणार, हे मी जाणतो. म्हणून १२ किलोव्होल्टच्या वर जाणार नाही आणि नळी जाड पत्र्याच्या, अर्थिंग केलेल्या पेटीतच ठेवतो. काच आत फुटण्याची भीतीही त्यामुळे कमी होते.

याहून खूप कमी दाब गाठणाऱ्या डिफ्यूजन पंपाचा खर्च मला आज झेपणारा नाही. तेव्हा कांड्यांवर काचेची नळी चढवून आणि टोप्यांची आतली बाजू झाकून लांबची वाट आधी बंद करावी, की नळी हीट गनने तापवून आधी ओलावा काढावा? ज्यांनी अशी गॅप स्वतः केली आहे, त्यांनी टोप्या कशाने झाकल्या आणि ते आवरण व्हॅक्यूममध्ये स्वतःच वाफ सोडत नाही ना, हे कृपया सविस्तर लिहावे.