टेन्सरफ्लो बसतच नाहीये, केळीच्या करप्याचा प्रोजेक्ट अडकलाय

रावेरचा_घड
नमस्कार मंडळी, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, केळीच्या पानाचा फोटो टाकला की करपा आहे की नाही ते सांगायचं, फोटो आमच्याच बागेतले, दोन महिने पानं पालथी करकरून काढलेत. फोटो ओळखायला शिकवण्यासाठी टेन्सरफ्लो ही पायथनची लायब्ररी हवीय, पण आता ऐन टायमाला पिपने (पायथनच्या लायब्रऱ्या बसवणारं साधन) पिप इन्स्टॉल टेन्सरफ्लो केलं की लाल अक्षरात येतं, "कुड नॉट फाइंड अ व्हर्जन", पुढे कंसात "फ्रॉम व्हर्जन्स: नन" आणि खाली "नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन फाउंड". पायथन ३.११, विंडोज १०, लॅपटॉप मामाचा जुना. तीनदा काढून परत टाकलं, काही फरक नाही. पुढच्या सोमवारी गाईडला दाखवायचंय.

तापीकाठचा
नेटचा लोचा असेल भो. पिप अपग्रेड करून बघ.

रावेरचा_घड
केलं दादा. नेट पण बरं आहे, घराच्या धाब्यावर मोबाईल ठेवून हॉटस्पॉट घेतो. फोटो हाताळायची पिलो लायब्ररी लगेच बसली, फक्त हेच अडतंय.

धुळे_टर्मिनल
नेट नसतं तर आधी "रिट्रायिंग" असं पाच वेळा ओरडलं असतं. इथे पिप सर्व्हरपर्यंत गेलं, यादी बघितली, तुझ्या पायथनला बसेल अशी एकही फाइल नाही म्हणून रिकाम्या हाताने परत आलं, "नन" म्हणजे तेच. आता नुसतं पायथन टाइप कर आणि एंटर मारल्यावर पहिली ओळ येते ना ती जशीच्या तशी इथे टाक.

रावेरचा_घड
पायथन ३.११.४, मग तारीख, मग [एमएससी व्ही.१९३४ ३२ बिट (इंटेल)] ऑन विन३२

धुळे_टर्मिनल
सापडलं. ३२ बिट. टेन्सरफ्लो फक्त ६४ बिट पायथनवर चालतं.

रावेरचा_घड
पण लॅपटॉप ६४ बिटच आहे, सेटिंगमध्ये बघितलं मी!

धुळे_टर्मिनल
लॅपटॉप ६४, विंडोज ६४, पण त्यावर टाकलेलं पायथन ३२, असं बिनधास्त चालतं म्हणून तर लक्षात येत नाही. कोणाच्या पेनड्राइव्हवरून घेतलंस का? पायथनच्या साइटवर दोन्ही इन्स्टॉलर असतात, ६४ वाला घे. आणि एक गंमत, ६४ वाल्यात कंसात "६४ बिट (एएमडी६४)" दिसेल, तुझा प्रोसेसर इंटेलचा असला तरी, आणि शेवटचं "विन३२" तसंच राहील, ते बघून परत घाबरू नको. जुनं आधी उडव, नाहीतर पिप एकात टाकेल आणि प्रोग्राम दुसऱ्यातून चालेल. कोणतं कुठे आहे ते "पाय -०पी" मारलं की पाथसकट दिसतं.

रावेरचा_घड
सिनियरच्या पेनड्राइव्हवरूनच घेतलेलं 🙈 नवीन टाकलं, टेन्सरफ्लो उतरलं (तीनशे एमबीच्या आसपास, मध्ये लाइट गेली, वायफळ गेला अर्धा दिवस). पण आता इम्पोर्ट केलं की "डीएलएल लोड फेल्ड व्हाइल इम्पोर्टिंग _पायरॅप_टेन्सरफ्लो_इंटरनल". एक संपलं की दुसरं.

भुसावळ_यार्ड
याची दोन कारणं नेहमीची. एक, मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्यूटेबल नाही, ते टाक, रिस्टार्ट कर. दुसरं कारण वाईट आहे. २०१८ मध्ये १.६ व्हर्जन आलं तेव्हापासून तयार मिळणारं टेन्सरफ्लो एव्हीएक्स नावाच्या प्रोसेसर सूचना वापरतं, आणि जुन्या सेलेरॉन-पेंटियममध्ये त्या बऱ्याचदा नसतात. प्रोसेसर कोणता?

रावेरचा_घड
सेलेरॉन 😐 रिडिस्ट्रिब्यूटेबल टाकून रिस्टार्ट केलं, तेच. इंटेलच्या साइटवर मॉडेल शोधलं तर इन्स्ट्रक्शन सेटमध्ये एसएसई ४.१ आणि ४.२, बस, एव्हीएक्स नाहीच.

भुसावळ_यार्ड
मग त्या लॅपटॉपच्या नादी लागू नको, काहीही इन्स्टॉल केलं तरी प्रोसेसर बदलत नाही. गूगल कोलॅब उघड, ब्राउझरमधून गूगलच्या मशीनवर पायथन चालवता येतं, टेन्सरफ्लो आधीच असतं तिथे, फोटो ड्राइव्हवर टाक आणि तिथेच ट्रेन कर. सेशन मध्येच तुटतं, म्हणून मॉडेल दर काही वेळाने ड्राइव्हवर सेव्ह करत जा, नाहीतर रात्रभराचं सगळं जाईल, माझं गेलंय. तयार झालं की टीएफलाइट (फोनवर चालणारं हलकं रूप) करून अँड्रॉइडवर टाक, तसंही बागेत लॅपटॉप घेऊन कोण जातं.

तापीकाठचा
व्हई जाई भो, चिंता नको करू.

रावेरचा_घड
झालं दादाहो! कोलॅबवर ट्रेन झालं, फोनवरही चालतंय. बाबांच्या हातात दिला तर त्यांनी पहिला फोटो पानाचा नाही, बैलाचा काढला. ॲप म्हणतं करपा, ९१ टक्के.

धुळे_टर्मिनल
करपा आणि निरोगी असे दोनच क्लास (गट) शिकवले तर बैलालाही त्यातलंच एक ठरवणार ना. "पान नाही" असा तिसरा टाक, सोमवारच्या आत.