सिगारेटच्या पाकिटातली 'नटी' की 'अभिनेत्री'?

प्रश्न
एका छोट्या प्रदर्शनासाठी चित्रांखालच्या ओळी मराठीत करतोय. ॲलन अँड गिंटर, ड्यूक वगैरे अमेरिकन तंबाखूवाल्यांनी १८८० नंतर पाकिटात घालून दिलेली, रंगभूमीवरच्या बायकांची चित्रं. या 'सिगारेट कार्ड'ला मराठीत काय म्हणू? आणि चित्रातली बाई नटी की अभिनेत्री?

उत्तर
'छाप' म्हणा की. लहानपणी काडेपेटीचे छाप जमवायचो, तसंच हे.

उत्तर
छाप नको. छाप बाहेरून चिकटवलेला असतो. हे आत असायचं, आणि आधी निव्वळ कामाचं होतं. पाकीट मऊ कागदाचं, खिशात सिगारेटी मोडायच्या, म्हणून आधाराला पुठ्ठा. त्या कोऱ्या पुठ्ठ्यावर चित्र छापायचं नंतर सुचलं. मापही त्यामुळेच एवढंसं, ॲलन अँड गिंटरचं साधारण दीड बाय पावणेतीन इंच.

उत्तर
'धूम्रपत्रिका' कसं वाटतं?

उत्तर
लग्नपत्रिकेच्या गठ्ठ्यात जाईल हो! पोस्टकार्ड, रेशनकार्ड चालतं तर सिगारेट-कार्डानं काय घोडं मारलंय?

माझं मत 'नटी'ला. अभिनय म्हणजे भाव प्रेक्षकापर्यंत नेणं. या कार्डांवर तो दिसतो कुठे? ड्यूकचं 'क्रॉस कट'चं कार्ड बघा: तपकिरी फोटो, खाली बाईचं नाव आणि सिगारेटचं नाव. नाटक कुठलं, भूमिका कुठली, पत्ता नाही. काही फोटोंत अंगाला चिकटलेले पायमोजे मात्र ठळक. म्हणजे उरलं काय, तर नटणं. खुद्द कंपनी चालवणाऱ्या जेम्स ड्यूकच्या वडिलांना, वॉशिंग्टन ड्यूक यांना, असली चित्रं पसंत नव्हती. १८९४ मध्ये त्यांनी मुलाला तसं पत्र लिहिलं होतं. धार्मिक गृहस्थ, पण धंदा तंबाखूचा!

उत्तर
ड्यूकपुरतं ठीक. पण ऑग्डन्स या ब्रिटिश तंबाखू कंपनीच्या 'गिनी गोल्ड' कार्डांवर एलन टेरीही आहे. १८७८ पासून लंडनच्या लायसियम नाट्यगृहात नट हेन्री अर्विंगसोबत शेक्सपिअर गाजवणाऱ्या बाईला 'नटी' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आज त्या शब्दाला 'नटवी'चा वास येतो.

शिवाय आपल्याकडे नटी म्हणजे आधी सूत्रधाराची बायको. 'संगीत शाकुंतल' १८८० ला आलं, त्यात शकुंतलासुद्धा पुरुषच. तिकडे पाकिटापाकिटात बायकांचे फोटो निघाले त्या दशकात आपल्या संगीत नाटकात स्त्रीपार्टी पदर सावरत होते. त्या काळाचा म्हणून 'नटी' वापराल, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतंच कुणी उभं राहील.

मूळ प्रश्नकर्ता
हा मुद्दा पटला. शीर्षकात 'सिगारेट-कार्डांवरच्या रंगभूमीवरील स्त्रिया' टाकतो. लांब आहे, पण कुणाचा अपमान नाही. टेरीला अभिनेत्री. ड्यूकच्या कार्डांखाली नुसती नावं, मूळ कार्डासारखी.

आता दुसरी ब्रिटिश अभिनेत्री, लिली लँगट्री. 'जर्सी लिली' हे तिचं टोपणनाव, ती जर्सी बेटावरची म्हणून. 'जर्सीची लिली' लिहिलं तर चालेल ना?

उत्तर
आपल्याकडे जर्सी म्हटलं की गाय. 'जर्सी बेटाची लिली' असं पूर्ण लिहा. आणि चित्रकार मिलेनं काढलेल्या तिच्या १८७८ च्या चित्राचा उल्लेख करणार असाल तर जपून: नाव 'अ जर्सी लिली', पण तिच्या हातातलं फूल शेजारच्या गर्न्सी बेटाच्या नावाचं आहे.